गाळणीच्या मागे मागे : पादुआ, बोलोन्या, क्रेवालकोरे आणि शेवटी लायडन

मी गेली १४ वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे. नवीन पेशंटचे नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांना समजावताना माझं एक वाक्य अगदी तोंडात बसलेलं, "किडनी म्हणजे गाळणी हो, चहाची असते ना तशी." बायको हायस्कूलला जीवशास्त्र शिकवते, तिचंही वाक्य तेच. मेहुणा नेदरलँड्समधल्या लायडनला असतो, तीन वर्षं या या म्हणत होता, शेवटी दिवाळीनंतर दोघांची रजा एकत्र जमली. जाताना आधी इटली करू असं ठरलं आणि मी म्हणलं व्हेनिस-रोम सगळेच करतात, आपण किडनीची भानगड ज्यांनी उलगडली त्यांच्या गावांना जाऊ. बायको आधी हसली, मग तिनेच वही काढून रूट आखला.

निघायच्या आधीच्या रविवारी मटण आणायला गेलो तेव्हा एक अख्खा गुर्दा वेगळा मागून घेतला आणि घरी ओट्यावर उभा चिरला. मटणाबरोबर शेकडो वेळा खाल्लाय, पण असा कधी बघितला नव्हता. बाहेरून काळपट लाल जाड साल, आत फिकट भाग आणि त्यात मधोमध जाणाऱ्या बारीक बारीक रेघा, विंचरलेल्या केसांसारख्या. मधला उंचवटा बोटानं दाबला तर त्यातून पाण्याचा एक थेंब आला. बायको म्हणाली, आता हात धू आणि सुरी पण. हा थेंब लक्षात ठेवा, फ्लॉरेन्सला परत येणारे.

दिवस १ आणि २ – पादुआ

व्हेनिसला उतरून ट्रेननं पादुआ, अर्ध्या तासाचं काम. पहिला दिवस झोपेत गेला. संध्याकाळी काफे पेद्रोक्कीमध्ये पुदिन्याची कॉफी प्यायलो, वर हिरवा फेस, चवीला कॉफीत पोलो गोळी विरघळल्यासारखी. मला आवडली, बायकोनं अर्धी माझ्याकडे सरकवली.

दुसऱ्या दिवशी पलाझ्झो बो, म्हणजे युनिव्हर्सिटीची जुनी इमारत. इथे १५९५ सालचं शरीरविच्छेदनाचं थिएटर आहे. फोटोत वरून काढलेलं दिसतं म्हणून मला वाटलं आपल्यालाही वरच्या कड्यांवर सोडतील, पण तसं नाही. खालून नेतात, जिथे मृतदेह ठेवायचे त्या जागी. मान वर केली की एकावर एक सहा लंबगोल कडी, अक्रोडाच्या लाकडाचे कठडे, वर वर रुंद होत गेलेले. बारवेच्या तळाशी उभं राहून वर बघावं तसं. फरक एवढाच की इथे पायऱ्यांवर पाणी भरणाऱ्या बायका नाहीत, तीनेकशे पोरं दाटीवाटीनं उभी राहून खाली बघायची. आमची गाइड पंचविशीची मुलगी होती, तिला सांगितलं मी डायलिसिसमध्ये काम करतो, तर ती म्हणाली मग तुम्ही अगदी योग्य जागी उभे आहात, टेबलाच्या जागेवर. सगळे हसले, मी जरा बाजूला झालो.

आता किडनीचं इथे काय? तर थोडं मागे जावं लागेल. दुसऱ्या शतकात गॅलन नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या काळात काही लोक म्हणायचे की प्यायलेल्या पाण्याची शरीरात वाफ होते आणि ती मूत्राशयात जाऊन परत पाणी होते, किडनीचा संबंधच नाही. गॅलननं काय केलं, जिवंत जनावराच्या किडनीतून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळ्या दोऱ्यानं बांधल्या. मूत्राशय रिकामं आणि दोऱ्याच्या वरच्या बाजूला नळी टम्म फुगलेली. दोरा सोडला की मूत्राशय भरतंय. आजही मुतखडा अडकला की सोनोग्राफीत आम्ही हेच बघतो, वर फुगलेली किडनी. पण किडनी हे करते कसं, यावर गॅलनचं उत्तर होतं की तिच्यात ओढून घ्यायची शक्ती आहे. झालं. पुढची चौदाशे वर्षं त्यावरच चाललं.

अडचण अशी होती की रक्त फिरतं हेच कुणाला माहीत नव्हतं. लिव्हर रक्त बनवतं आणि अवयव ते संपवतात, शेतात पाट सोडला की पाणी जिरतं तसं, अशी समजूत. मग तेच तेच रक्त पुन्हा पुन्हा किडनीतून जातं ही कल्पना सुचणार कुठून? ती सुचायला विल्यम हार्वे लागला, तो या पादुआचाच विद्यार्थी, १६०२ ला इथून डॉक्टर होऊन इंग्लंडला परत गेला आणि १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचं पुस्तक काढलं. आज आपण सांगतो की मिनिटाला लिटरभर रक्त दोन्ही किडन्यांतून जातं, म्हणजे हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा. डायलिसिसच्या मशीनवर मी मिनिटाला २५० ते ३०० मिली चालवतो आणि तेवढ्यावरही अलार्म वाजत असतात.

मला मात्र पादुआत सगळ्यात जवळचा वाटला तो सँतोरिओ. इथलाच प्रोफेसर, १६१४ मध्ये त्याचं पुस्तक आलं. या माणसानं मोठ्या तराजूला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षं तिच्यावर बसून स्वतःचं वजन केलं. जेवायच्या आधी, जेवल्यावर, संडासला जाऊन आल्यावर. खाल्लं-प्यायलं किती आणि बाहेर पडलं किती याचा हिशोब. आठ पौंड आत गेलं तर त्यातलं पाच पौंड दिसेल असं कुठूनच बाहेर येत नाही, न कळत उडून जातं, असं त्यानं लिहून ठेवलं. त्याचं चित्र बघून मी बायकोला म्हणलं, अगं हा तर माझाच काटा! आमच्याकडे पेशंट आला की आधी वजनावर, मशीनवरून उतरला की परत वजनावर, ड्राय वेटच्या, म्हणजे जादा पाणी नसतानाच्या वजनाच्या, वर किती आलाय त्यावर ठरतं किती पाणी काढायचं. आणि पेशंट चप्पल काढली नाही म्हणून सांगतो, दीड लिटर पाणी प्यायलोच नाही म्हणतो. सँतोरिओला निदान स्वतःशी खोटं बोलायचं नव्हतं.

(टिप : बो मध्ये गाइडशिवाय सोडत नाहीत, वेळेचं तिकीट आधी काढून ठेवा. इंग्रजीतली टूर दिवसात मोजक्या वेळा असते. नोव्हेंबरात जात असाल तर थर्मल न्याच, थंडी आकड्यात कमी वाटते पण ओली असते.)

दिवस ३ – बोलोन्या

दिवसभर भुरभुर पाऊस, पण बोलोन्यात छत्री लागतच नाही, सगळ्या गावाला कमानींचे व्हरांडे आहेत, किलोमीटरच्या किलोमीटर. लक्ष्मी रोड असा असता तर.

आर्किजिन्नाझिओ ही इथल्या युनिव्हर्सिटीची जुनी इमारत, तिच्यात शरीरविच्छेदनाचं दुसरं थिएटर, १६३७ चं. पादुआचं विहिरीसारखं आहे तर हे दिवाणखान्यासारखं, सगळं लाकडी, मधे पांढरं संगमरवरी टेबल, प्रोफेसरच्या खुर्चीवरचं छत पेलून धरणारी दोन कातडी नसलेली लाकडी माणसं. जानेवारी १९४४ मध्ये बॉम्ब पडून हे सगळं उद्ध्वस्त झालं होतं, नंतर ढिगाऱ्यातून तुकडे वेचून परत उभं केलंय. भिंतीत डॉक्टरांचे पुतळे, त्यातला एक हातात नाक धरून उभा. तो ताल्याकोत्सी, कापलेलं नाक दंडाच्या कातडीनं परत बनवायचा. बायको लगेच म्हणाली, आपल्या पुण्याकडचं कावसजीचं नाक! खरंच, १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात कपाळाच्या कातडीनं नाक बनवल्याची बातमी छापून आली होती ती आपल्याकडचीच. आम्ही दोघं त्या पुतळ्यापुढे इतका वेळ थांबलो की मागचे लोक नक्की काय आहे म्हणून बघायला आले.

पण आमचा माणूस दुसरा, मार्चेल्लो माल्पिगी. त्याचाही पुतळा तिथे आहे. केशवाहिन्या पहिल्यांदा यानंच दाखवल्या, १६६१ मध्ये, बेडकाच्या फुफ्फुसात. हार्वेला रक्त धमन्यांतून शिरांत कुठून जातं ते दिसलं नव्हतं, ते यानं मायक्रोस्कोपखाली बघितलं. आणि १६६६ मध्ये किडनीवर लिहिलं. किडनीच्या धमनीत काळा रंग मद्यार्कात मिसळून सोडला, मग किडनी उघडून बघितली तर रक्तवाहिन्यांच्या फांद्यांना बारीक काळे गोळे लटकलेले. त्यानं उपमा दिली सफरचंदांची, झाडाला लगडलेल्या. तेच आपले ग्लोमेरुलस, एकेका किडनीत साधारण दहा लाख, प्रत्येक पाव मिलिमीटरपेक्षा लहान. मी १४ वर्षं ग्लोमेरुलस हा शब्द रिपोर्टावर वाचतोय, किडनी किती गाळते ते सांगणाऱ्या जीएफआर मधला जी तोच, पण सफरचंदाचं झाड कधी डोळ्यासमोर आलं नव्हतं.

आता गंमत बघा, त्याला वाटत होतं की या गोळ्यांतून लघवी नळ्यांत उतरत असणार. ते सिद्ध करायला त्यानं कुत्र्याच्या किडनीची शीर आणि खालची नळी दोन्ही बांधून बघितलं, पण गोळा आणि नळीचा सांधा काही दिसला नाही. प्रामाणिकपणे लिहून टाकलं की दिसला नाही, पण असावा. तो सांधा दिसायला १८४२ उजाडलं. म्हणजे १७६ वर्षं!

संध्याकाळी सान ग्रेगोरिओ ए सिरो चर्चमध्ये गेलो, तिथे त्याला पुरलंय. दुपारी गेलो तर बंद. (टिप : इटलीत चर्चं दुपारी बंद असतात, दुपारचा वेळ जेवणाला ठेवा.) आत एक म्हातारी एकटी बसलेली आणि आम्ही. माल्पिगी १६९४ मध्ये रोममध्ये पक्षाघातानं वारला, तेव्हा तो पोपचा वैद्य होता. त्याला आयुष्यभर मुतखड्याचा त्रास, आणि मेल्यावर शरीर उघडलं तेव्हा त्याची उजवी किडनी डावीच्या निम्मी निघाली. हे मी बायकोला हळू आवाजात सांगितलं तरी म्हातारीनं मागे वळून बघितलं.

दिवस ४ – क्रेवालकोरे

हा दिवस प्लॅनमध्ये नव्हता, म्हणजे होता पण कंसात. क्रेवालकोरे हे माल्पिगीचं जन्मगाव, बोलोन्याहून लोकल ट्रेननं अर्धा तास. टूरिस्ट कुणी जात नाही. आम्ही उतरलो तर धुकं असं की प्लॅटफॉर्मचं दुसरं टोक दिसेना. पो नदीच्या या सखल पट्ट्यात नोव्हेंबरात असंच असतं म्हणे. चौकात पोचलो तरी पुतळा दिसेना, अगदी चौथऱ्याजवळ गेल्यावर वर माल्पिगी उभा आहे हे कळलं. फोटोत नुसता पांढरा कागद आलाय. २०१२ च्या भूकंपात या गावाला चांगलाच धक्का बसला होता.

थंडीनं हात आखडले म्हणून चौकातल्या बारमध्ये शिरलो. बार म्हणजे आपला बार नाही, कॉफीचं दुकान. शेजारच्या टेबलावर एक आजोबा पत्ते पिसत बसले होते. कोट काढताना त्यांची डावी बाही वर सरकली आणि मला कोपराजवळ तो फुगवटा दिसला. दोरखंडासारखी वळलेली शीर, वर सुयांच्या खुणा रांगेनं. फिस्टुला! डायलिसिसच्या सुया टोचायला हातातली धमनी आणि शीर जोडून करतात तो. जगात कुठेही ओळखीन. मी स्वतःच्या हाताकडे बोट करून विचारलं, "दियालिझी?" आजोबा आधी चपापले, मग मी छातीवर हात ठेवून "इंडिया, दियालिझी, लावोरो" असं काहीतरी बोललो, काम करतो या अर्थी. त्यांनी सरळ माझा हात धरून आपल्या दंडावर ठेवला. थ्रिल, म्हणजे आतल्या रक्ताची थरथर, लागत होती, मस्त, मांजर गुरगुरतं तशी. मी अंगठा वर केला, चांगला फिस्टुला आहे. आजोबा एकदम खूश, बारवाल्या बाईला ओरडून सांगितलं, तीही येऊन बघून गेली.

मग अर्धा तास आम्ही बोललो, म्हणजे बोटांनी आणि फोनच्या ट्रान्स्लेटनं. "लुनेदी, मेर्कोलेदी, वेनेर्दी." सोमवार, बुधवार, शुक्रवार! माझी पहिली शिफ्ट तीच. त्या दिवशी गुरुवार, म्हणून साहेब पत्ते खेळायला मोकळे. पाणी किती पिता विचारलं तर त्यांनी एस्प्रेसोचा तो अंगठ्याएवढा कप दाखवला आणि डोळा मारला. बायकोनं पर्समधून फराळाचा डबा काढला, चकली पुढे केली, आणि मी आपसूक तिचा हात धरला. मीठ! चिवड्यातले दाणे पण नकोत, पोटॅशियम आणि फॉस्फरस. शेवटी शंकरपाळीवर तडजोड झाली. त्यांनी दोन खाल्ल्या, तिसरी रुमालात बांधून घेतली, बायकोसाठी असावी.

निघताना मी खिडकीकडे बोट करून "माल्पिगी" म्हणलं. त्यांनी खांदे उडवले आणि काहीतरी बोलले, ट्रान्स्लेटनं दाखवलं : रोज त्याच्यासमोरूनच जातो, त्यानं माझं काही केलं नाही. आणि गडगडून हसले.

परतताना ट्रेनचा संप. स्टेशनवर बोर्डावर एकापुढे एक लाल अक्षरं. दोन तास वीस मिनिटं त्या धुक्यात बसलो. (टिप : संपाला 'शोपेरो' म्हणतात, आधी जाहीर होतो, सकाळी निघताना बघून घ्या. आम्ही बघितला नव्हता.) त्या दोन तासांत फराळाचा डबा आम्ही दोघांनी संपवला.

दिवस ५ – फ्लॉरेन्स

बोलोन्या ते फ्लॉरेन्स फास्ट ट्रेननं चाळीसेक मिनिटं आणि जवळपास सगळा बोगदाच, त्यामुळे बघायला काही नाही. मी बायकोला १८४२ ची गोष्ट सांगितली.

लंडनमध्ये विल्यम बोमन, वय २५. त्यानं रंग सोडून आणि मायक्रोस्कोपनं माल्पिगीचा तो हरवलेला सांधा दाखवला, गोळ्याभोवती एक पिशवी आहे आणि तीच पुढे नळी होते. पण त्याचं म्हणणं असं की गोळा नुसतं पाणी सोडतो आणि युरिया वगैरे कचरा मागाहून नळीच्या भिंती त्यात घालतात. त्याच वर्षी जर्मनीत मारबुर्गला कार्ल लुडविग, त्याचंही वय २५. तो म्हणाला नाही, रक्ताच्या दाबानं गोळ्यातून प्रोटीन आणि पेशी सोडून सगळंच गाळलं जातं, आणि मग नळीतून जाताना बरंचसं परत रक्तात शोषलं जातं. पुढे ब्रेसलाऊचा हायडेनहाइन नावाचा संशोधक हिशोब करून बसला की असं असेल तर दिवसाला ७० लिटर गाळावं लागेल, आणि हे काही शक्य नाही. एक-दीड लिटर लघवीसाठी ७० लिटर? त्याला हसूच आलं असणार.

"आणि खरा आकडा?" बायकोनं विचारलं, तिला माहीत असूनही. १८० लिटर. अंगातलं रक्ताचं सगळं पाणी दिवसातून कितीतरी वेळा बाहेर काढायचं आणि दीड लिटर सोडून सगळं परत आत घ्यायचं. हे पक्कं व्हायला १९२४ उजाडलं, फिलाडेल्फियात रिचर्ड्स आणि वर्न यांनी बेडकाच्या एकाच ग्लोमेरुलसमध्ये केसाहून बारीक काचेची नळी घालून थेंब काढला. त्यात साखर होती, आणि त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत नव्हती. म्हणजे मधे कुणीतरी उचलून घेतली.

बायको जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे गाळणी नाहीच रे ही. ही आईची दिवाळीची साफसफाई. घरातलं सगळं सामान अंगणात काढायचं, आणि हवं तेवढं मोजून परत आत न्यायचं. नको ते शोधत नाही बसायचं, हवं ते शोधायचं." मी १४ वर्षं चहाची गाळणी सांगतोय आणि ही बोगद्यात बसून हे सांगते. मी म्हणलं पण काही गोष्टी नळीच्या भिंती वेगळ्या बाहेर टाकतात, ते पण खरं निघालं, काही माशांच्या किडनीत ग्लोमेरुलसच नाहीत तरी लघवी होते. ती म्हणाली, "मग ते मागच्या दारानं." सासरे शुगरसाठी जी नवी गोळी घेतात, लघवीतून साखर घालवणारी, ती याच उचलून घेण्याला अडवते, हेही तिनेच जोडलं.

फ्लॉरेन्सचा माणूस म्हणजे लोरेंझो बेल्लीनी. १६६२ मध्ये, माल्पिगीच्या चार वर्षं आधी, किडनीवर छोटं पुस्तक काढलं, तेव्हा पोराचं वय १९! तोपर्यंत किडनी म्हणजे घट्ट मांसाचा गोळा समजायचे. यानं चिरून दाखवलं की आत सगळ्या बारीक पोकळ नळ्या आहेत, आणि त्या दाबल्या की पाणी येतं. ते पाणी त्यानं जिभेला लावून बघितलं. खारट, लघवीसारखं. माझ्या ओट्यावरचा थेंब हाच. मी हात धुतला होता.

दुपारी ला स्पेकोला म्युझियम, मेणाची शरीरं, अठराव्या शतकातली. इतकी खरी की बायको एका खोलीतून बाहेर येऊन बसली. रात्री एका खानावळीत मेन्यूवर 'रोन्योने' दिसलं, म्हणजे गुर्दा, लसूण आणि पार्सली घालून. मागवलं. मऊ होता, पण आपल्याकडे तव्यावर काळी मिरी आणि कांद्यात परततात त्याची सर नाही. आणि पहिला तुकडा कापल्यावर मी आपोआप आतल्या रेघा बघितल्या, त्यावर बायकोनं कपाळावर हात मारला.

दिवस ६ – पिसा, मनोरा, फोटो, विमान.

दिवस ७ – लायडन

मेहुण्याकडे वरणभात जेवून आधी दहा तास झोपलो. मग बूरहाव्ह म्युझियम (टिप : सोमवारी बंद). ही पूर्वी हॉस्पिटलची इमारत, इथे बूरहाव्ह हा जुना डच डॉक्टर विद्यार्थ्यांना पेशंटच्या खाटेशी उभं करून शिकवायचा. लघवीतून युरिया पहिल्यांदा वेगळा काढणाऱ्यांत त्याचं नाव घेतात. पण मला बघायचं होतं ते विलेम कोल्फ या डॉक्टरचं सुरुवातीचं डायलिसिस मशीन.

ते समोर आलं आणि मी काही बोललोच नाही. लाकडी पट्ट्यांचं एक मोठं आडवं पिंप, त्याला गुंडाळायची सेलोफेनची नळी, खाली टाकी. सेलोफेन म्हणजे सॉसेजवर चढवतात तेच. कोल्फनं हे काम्पेन नावाच्या लहान गावात, दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य देशात असताना, गावातल्या एनॅमलच्या भांड्यांच्या कारखानदाराच्या मदतीनं बनवलं. मार्च १९४३ मध्ये पहिला पेशंट. नळीत रक्त, टाकीत मिठाचं पाणी, पिंप फिरत राहायचं. सुरुवातीच्या पंधराएक पेशंटपैकी जवळजवळ सगळे गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई कोमातून बाहेर आली.

मी गुडघ्यावर बसून खालून बघत होतो. नळी फाटली तर कळणार कसं? रक्त गोठलं तर? हवेचा अलार्म नाही, प्रेशर नाही, काही नाही, नुसते डोळे. बायकोनं विचारलं, यात साफसफाईचा कुठला भाग आहे? मी म्हणलं बाहेर काढायचाच. परत उचलून घेणारं इथे कुणी नाही, आणि माझ्या मशीनमध्येही नाही. म्हणून तर टाकीतल्या पाण्यात सोडियम, बायकार्ब आपणच आधी मोजून घालतो, म्हणजे रक्तातलं हवं ते तिकडे पळूच नये. एका पेशंटला चार तासांत १२० लिटर पाणी लागतं आणि तरी ते आठवड्यातले बारा तासच. ती म्हणाली, हे तू नातेवाईकांना कधी सांगितलंस? मी पट्ट्या मोजायला लागलो होतो. तेवढ्यात फोन वाजला, मेहुणा बाहेर पावसात गाडी घेऊन उभा, पार्किंगचे पैसे मिनिटावर चाललेत, म्हणाला मशीन उद्या पण तिथेच असेल.